रुद्राक्षाच्या पोटात: मुख म्हणजे काय आणि पाचच का

मागच्या श्रावणात मी एक रुद्राक्ष करवतीने कापला.

आमच्या घरात रुद्राक्ष हातातून पडला तरी उचलून कपाळाला लावायची रीत आहे. त्यामुळे हे वाक्य लिहितानाही जरा चुकल्यासारखं वाटतं. पण कारण तसंच होतं. काका गेल्यापासून मावशीची झोप उडाली होती. एका तीर्थक्षेत्री गेली असताना तिने तिथल्या एका दुकानातून अकरा हजार रुपयांना एकमुखी रुद्राक्ष घेतला. मन शांत होईल, घरावरचं संकट टळेल, असं तिला सांगितलं होतं. घरी आल्यावर तिने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "अरे, खरा आहे का बघ ना." मी उलटसुलट करून पाहिला आणि गप्प बसलो. मुख म्हणजे नेमकं काय, ती रेघ तिथे का असते, हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून मी बाजारातून साधा, वीसेक रुपयांचा पंचमुखी आणला. त्याला नमस्कार केला, व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या लोखंडी पकडीत, धरला आणि लोखंड कापायच्या बारीक पात्याने बरोबर मधोमध आडवा कापला. संत्रं आडवं कापल्यावर जशा फोडी दिसतात, तसे मध्यभागाभोवती पाच छोटे कप्पे दिसले. दोन कप्प्यांत फिकट, चपटी, तांदळाच्या दाण्याएवढी बी होती. तीन रिकामे. आणि प्रत्येक कप्प्यासमोर, बाहेरच्या अंगाला, एकेक रेघ.

रुद्राक्षाबद्दल जे जे ऐकलं होतं, ते त्या कापलेल्या तुकड्यापासून मी पुन्हा नव्याने समजून घ्यायला लागलो.

आधी झाड

रुद्राक्ष हे ज्याचं फळ, ते झाड इलिओकार्पस या प्रजातीतलं. ग्रीक भाषेत 'इलिया' म्हणजे ऑलिव्ह आणि 'कार्पोस' म्हणजे फळ. फळ ऑलिव्हसारखं दिसतं म्हणून हे नाव. जुन्या पुस्तकांत रुद्राक्षाचं शास्त्रीय नाव इलिओकार्पस गॅनिट्रस असं सापडतं. हल्ली बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला इलिओकार्पस अँगस्टिफोलियस या मोठ्या जातीतच धरतात. नाव काहीही घ्या, झाड तेच: सदाहरित, सरळसोट, साठ-सत्तर फूट सहज जाणारं, जुनं झालं की बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं फुटणारं. हिरव्यागार पानांत मधूनच एखादं पान भडक लाल दिसतं, कारण गळायच्या आधी पान लाल होतं. फुलं पांढरी, घोसांनी लटकणारी, आणि पाकळ्यांच्या कडा कात्रीने झालर कापावी तशा.

हे झाड फक्त हिमालयातलं, असा आपला समज असतो. तो खरा नाही. नेपाळ, आसाम, अरुणाचल इथपासून ते थेट म्यानमार, मलेशिया, जावा-सुमात्रा, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत ते पसरलेलं आहे. क्वीन्सलंडच्या जंगलात त्याला 'ब्लू क्वाँडाँग' म्हणतात. तिथे माणसाएवढा उंच कॅसोवरी पक्षी खाली पडलेली फळं अख्खी गिळतो आणि दूर कुठेतरी कोय टाकून देतो. आपण जी कोय ओवून गळ्यात घालतो, तीच तिथे जंगलभर मातीत विखुरलेली असते.

आपल्या सह्याद्रीतही या प्रजातीतली झाडं आहेत. साताऱ्याच्या कास पठाराचं नाव 'कासा' या झाडावरून पडलं असं सांगतात. तो कासा रुद्राक्षाचा चुलतभाऊच. आसाम-बंगालमध्ये जिचं लोणचं घालतात ती जलपाईही याच प्रजातीतली. खुद्द रुद्राक्ष मात्र आपल्याकडे बहुतेक बागांतून हौसेने लावलेला दिसतो.

आता फळ. हे पिकलं की निळं होतं. जांभळासारखं काळपट निळं नव्हे, करवंदासारखंही नव्हे. चकाकणारं, मोरपिसातलं निळं. आणि या निळाईत एक नवल आहे: सालीत निळा रंगच नसतो. जांभळाची साल चुरगळली की बोटं जांभळी होतात, कारण तिथे खरोखर रंगद्रव्य असतं. रुद्राक्षाच्या सालीत तसं निळं रंगद्रव्य नाही. सालीच्या पेशींत अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत असते. प्रकाश या पापुद्र्यांवरून परावर्तित होताना निळ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि आपल्या डोळ्याला निळंच दिसतं. मोराचं पीसही असंच रंगतं, आणि साबणाच्या फुग्यावरचे रंगही त्याच जातकुळीचे. डेव्हिड ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९१ साली 'नेचर' या नियतकालिकात या फळाच्या निळेपणाचं हे कोडं उलगडून दाखवलं. निळा सोडून बाकीचा प्रकाश आत झिरपतो आणि फळाच्या आतल्या हिरव्या थराला अन्न तयार करता येतं, असंही त्याने सुचवलं. नीलकंठाच्या गळ्यातल्या मण्याचं फळ निळं असावं, आणि ते निळेपण रंगाचं नसून प्रकाशाचं असावं, हे वाचल्यापासून मला त्या फळाकडे नुसतं फळ म्हणून बघता येत नाही.

मुख म्हणजे काय

आंबा खाल्ला की कोय उरते. कोयीच्या आत खरी बी असते. रुद्राक्षाचंही तसंच. निळ्या सालीखाली हिरवट, आंबूस गर असतो, आणि गराच्या आत ही खडबडीत, टणक कोय. आपण मणी म्हणतो ती ही कोय. म्हणून 'रुद्राक्ष म्हणजे बी' हे अर्धंच बरोबर. बी कोयीच्या पोटातल्या कप्प्यांत असते.

फुलाच्या मधोमध जो अंडाशय असतो, तो आतून कप्प्यांत वाटलेला असतो. फुलाचं फळ होताना त्या कप्प्यांभोवतीची भिंत लाकडासारखी कठीण होते. दोन बाजूंनी आलेल्या भिंती जिथे जुळतात तिथे शिवण राहते, जशी भुईमुगाच्या शेंगेवर असते. देठापासून टोकापर्यंत जाणारी ही शिवण म्हणजे मुख. बी रुजते तेव्हा कोंब याच शिवणीतून बाहेर येतो. म्हणजे 'मुख' हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याने तो नुसता दिसण्यावरून वापरला असेल, पण झाडाच्या हिशोबानेही तो अगदी नेमका आहे. झाड तिथूनच तोंड उघडतं.

बाहेर जितकी मुखं तितके आत कप्पे. प्रत्येक कप्प्यात बी धरेलच असं नाही. माझ्या तुकड्यात पाचांपैकी तीन रिकामेच होते. पण कप्पा असतो. अस्सल मणी ओळखण्याची सगळी गुरुकिल्ली या एका वाक्यात आहे.

मग बाजारात पंचमुखीच ढिगाने का? कारण या झाडाच्या फुलात बहुतेक वेळा कप्पे पाचच असतात. चार किंवा सहा झाले तर ते थोडंसं इकडेतिकडे. आठ, दहा, बारा विरळ. आणि एकच कप्पा धरून बाकीचे वाढलेच नाहीत, असा गोल एकमुखी तर अतिदुर्मीळ. घेवड्याच्या शेंगेत एखादा दाणा कमी-जास्त व्हावा, चार पानांची आंबुटी सापडावी, तसा हा निसर्गातला फरक. झाड एकच, फांदी एकच, घोसही एकच असू शकतो.

दोन मणी फुलातच चिकटून वाढले तर त्याला गौरीशंकर म्हणतात. सोंडेसारखा उंचवटा आला तर गणेश रुद्राक्ष. जुळं केळं जसं निघतं तसंच हे.

डोळा, अश्रू आणि पोथी

रुद्र अधिक अक्ष. अक्ष म्हणजे डोळा. अक्ष म्हणजे मणीही. म्हणून जपमाळेला अक्षमाला म्हणतात. आणि 'अ' पासून 'क्ष' पर्यंतची वर्णमाला तीही अक्षमालाच, असा सुंदर अर्थ अक्षमालिका नावाच्या उपनिषदात लावलेला आहे: एकेक मणी म्हणजे एकेक अक्षर.

रुद्राक्षजाबाल उपनिषदात कालाग्निरुद्र भुसुंड मुनींना उत्पत्तीची कथा सांगतात. त्रिपुरासुराच्या वधासाठी शिवांनी डोळे मिटले होते. त्या डोळ्यांतून पाण्याचे थेंब भूमीवर पडले आणि त्यांचे वृक्ष झाले. शिवपुराणातल्या विद्येश्वर संहितेच्या २५व्या अध्यायातही शिव पार्वतीला असंच सांगतात: दीर्घ तपानंतर डोळे उघडले आणि अश्रू ओघळले. लोककल्याणासाठी आलेले अश्रू, म्हणून रुद्राक्ष करुणेचा मणी मानतात. मला स्वतःला ही कथा फार जवळची वाटते. संहाराच्या देवाची खूण म्हणून आपण जे गळ्यात घालतो, ते शस्त्र नाही, त्याच्या डोळ्यातलं पाणी आहे.

हाच अध्याय शांतपणे वाचला तर त्यात बारीक निरीक्षणही दिसतं. कीड लागलेला, फुटलेला, काटे नसलेला, भोकं-जखमा असलेला, गोल नसलेला मणी घेऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. ज्याला दोरा ओवायला आपसूक भोक आहे तो उत्तम, माणसाने पाडलेलं भोक असेल तर मध्यम. रुद्राक्षाच्या मध्यातून खरोखरच देठाकडून टोकाकडे एक नैसर्गिक पोकळी जाते. चांगल्या मण्यात ती साफ केली की दोरा सहज जातो. ज्याने हे लिहिलं त्याने मणी हातात घेऊन पाहिलेले होते.

आकाराबद्दल तिथे म्हटलं आहे: आवळ्याएवढा श्रेष्ठ, बोराएवढा मध्यम, हरभऱ्याएवढा कनिष्ठ. आणि लगेच पुढे असंही म्हटलं आहे की मणी जसजसा लहान, तसतसं फळ अधिक. म्हणजे मोठा परवडणाऱ्यालाही दिलासा आणि न परवडणाऱ्यालाही. "बायकांनी घालावा का?" हा प्रश्न मला दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतं. शिवपुराणाचं उत्तर सरळ आहे: सर्व वर्णांनी, सर्व आश्रमांतल्यांनी, स्त्रियांनी आणि शूद्रांनीही शिवाच्या आज्ञेने रुद्राक्ष धारण करावा.

मुखांबद्दल आता. शिवपुराण आणि रुद्राक्षजाबाल, दोन्हीकडे एकमुखीपासून चतुर्दशमुखीपर्यंत, म्हणजे १४पर्यंत, प्रत्येकाची देवता सांगितली आहे. पंधरा, सतरा, एकवीस मुखी मणी दाखवून त्यांचं जे माहात्म्य दुकानात ऐकवलं जातं, ते या दोन्ही ग्रंथांत नाही. आणि पंचमुखीला शिवपुराण काय म्हणतं? "पञ्चवक्त्रः स्वयं रुद्रः कालाग्निर्नामतः प्रभुः". पंचमुखी म्हणजे साक्षात रुद्र. उपनिषद त्याला पंचब्रह्मस्वरूप म्हणतं: सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष, ईशान ही शिवाचीच पाच मुखं. झाडाला जे सर्वांत सहज येतं, तेच ग्रंथाने देवाचं स्वतःचं रूप मानलं. सगळ्यांना मिळावं असं काही असेल तर ते हेच असायला हवं होतं, आणि ते तसंच आहे.

आपल्याकडे हे माहात्म्य घरोघरी पोचलं ते संस्कृतातून नव्हे, पोथीतून. शिवलीलामृताचा ११वा अध्याय सोमवारी म्हणणारी माणसं आजही गावोगाव आहेत. श्रीधरस्वामींनी ही पोथी शके १६४० मध्ये, म्हणजे इ.स. १७१८च्या सुमारास, बारामतीत पूर्ण केली. याच अध्यायात रुद्राक्षाचा महिमा येतो: दंडावर सोळा सोळा, मनगटावर बारा बारा, गळ्यात बत्तीस. गुरुचरित्राच्या ३३व्या अध्यायातही तोच विषय आहे. दोन्हीकडे ती माकड-कोंबड्याची गोष्ट. नंदिग्रामातल्या एका शिवभक्त गणिकेने आपल्या नृत्यमंडपातल्या माकडाच्या आणि कोंबड्याच्या अंगावर रुद्राक्ष बांधले होते. पुढे मंडपाला आग लागली, आणि पुढच्या जन्मी हे दोघे काश्मीरच्या भद्रसेन राजाचा मुलगा सुधर्म आणि प्रधानाचा मुलगा तारक झाले. या मुलांना रत्नांचे दागिने घातले की ते काढून टाकत आणि रुद्राक्षच घालून बसत. लहानपणी मला या गोष्टीतलं माकड आवडायचं. आज जाणवतं ते वेगळंच: पोथीचा सगळा भर भक्तीवर आहे, मण्याच्या किमतीवर नाही. रत्नं बाजूला सारून रुद्राक्ष घेतला, हीच तर कथा आहे.

माळ का लागते

जपाच्या माळेत १०८ मणी आणि वर एक मेरुमणी. १०८च का, याची उत्तरं अनेक देतात. मला पटणारं आकाशाचं: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, गुणाकार १०८. म्हणून अर्धी माळ ५४ची आणि पाव माळ २७ची. मेरू आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट यायचं. मधल्या बोटावर माळ धरून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, आणि माळ गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, ठेवायची, हे घरी शिकवलेलं असतं.

याचा व्यवहारातला उपयोग साधा आहे. मनाने मोजायला लागलं की लक्ष मोजण्यात जातं. बोटाने मोजलं की मन मोकळं राहतं. रुद्राक्षाचा खडबडीतपणा इथे कामाला येतो; गुळगुळीत मणी बोटाला निसटतो, हा निसटत नाही, प्रत्येक मणी वेगळा कळतो.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणिपद्मे ॐ' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली, आणि त्या लयीने हृदयाच्या ठोक्यांतही चांगला बदल दिसला. गोव्यात संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे ती ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, म्हणणारं कुटुंब आणि आमच्याकडे सोमवारी माळ घेऊन बसणारी मावशी, दोघांच्या छातीत एकच गोष्ट घडत असते. ही किमया सावकाश, लयीत म्हणण्याची आहे. मणी तिथे हात धरून नेतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रुद्राक्ष गळ्यात घातल्याने रक्तदाब उतरतो, साखर कमी होते, हृदयाला वीज मिळते, असं जे छापलेलं असतं, त्याला माणसांवरच्या नीट चाचण्यांचा आधार नाही. पानाफळांच्या अर्कावर प्रयोगशाळेत काम झालेलं आहे, पण अर्क वेगळा आणि छातीवरचा मणी वेगळा. कुणी मण्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद केली तर तो जिवाशी खेळ आहे. माळ घाला आणि गोळीही घ्या.

जाता जाता: वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, 'माळकरी' हा शब्द तिच्यावरूनच. शैव, नाथपंथी, जंगम यांच्याकडे रुद्राक्ष. पण एकाच घरात देव्हाऱ्यावर दोन्ही माळा लटकलेल्या मी कितीतरी ठिकाणी पाहिल्या आहेत आणि त्यांचं कधी भांडण झालेलं नाही.

बाजार

नेपाळचे मणी मोठे, खोल खाचांचे, ठसठशीत मुखांचे. पूर्व नेपाळात अरुण नदीच्या खोऱ्यात, भोजपूर आणि संखुवासभा या जिल्ह्यांत, हे झाड शेतकऱ्याचं उत्पन्नाचं साधन आहे. फळं गोळा करायची, पाण्यात भिजवून गर कुजवून सोडवायचा, ब्रशने घासून खाचा साफ करायच्या, सावलीत वाळवायचं. इंडोनेशियाचे मणी लहान, वाटाण्याएवढे किंवा त्याहून बारीक, गुळगुळीतसर. मध्य जावातल्या केबुमेन भागात या झाडाची मोठी लागवड आहे. तिथे त्याला जनित्री म्हणतात. भारतात विकल्या जाणाऱ्या जपमाळांतले बहुतेक बारीक मणी तिथूनच येतात. हरिद्वारला घ्या, काशीला घ्या, त्र्यंबकेश्वरला घ्या, मण्याचा जन्म बहुधा जावातला. यात फसवणूक काही नाही. जात तीच आहे.

फसवणूक सुरू होते मुखांपाशी. पाच कप्प्यांचा मणी वीस-पंचवीस रुपयांना आणि एका कप्प्याचा हजारो-लाखोंना, म्हटल्यावर हात शिवशिवणारच. चालणारे प्रकार असे: पंचमुखीवर पात्याने जास्तीच्या रेघा कोरून त्याचा दहामुखी करणं. याउलट, रेघा लाकडाचा भुसा आणि डिंकासारख्या लगद्याने बुजवून एकच ठेवणं. दोन मणी चिकटवून गौरीशंकर बनवणं. बोराच्या बीवर कोरीव काम. सरळ साच्यातून काढलेलं प्लास्टिक. आणि अर्धचंद्राच्या आकाराचा, काजूसारखा दिसणारा 'एकमुखी' जो सगळीकडे मिळतो, तो बहुधा दुसऱ्याच झाडाचा असतो. मुळात एकमुखी गोल रुद्राक्ष इतका दुर्मीळ आहे की तो सहज, दुकानाच्या काउंटरवर, चौकशी केल्याबरोबर समोर येत असेल तर तिथेच थांबावं.

घरच्या कसोट्यांचं काय? पाण्यात बुडला तर खरा, तरंगला तर खोटा, ही सर्वांत प्रसिद्ध. ती विसरा. ताजा, भरीव मणी बुडतो. जुना, वाळलेला, रिकाम्या कप्प्यांचा अस्सल मणीही तरंगू शकतो. आणि आत शिशाचा तुकडा घातलेलं प्लास्टिक झकास बुडतं. दोन तांब्याच्या नाण्यांमध्ये धरला की फिरतो, हीही तशीच. काटेरी, उंचसखल पृष्ठभागाची कुठलीही गोष्ट दोन चकत्यांमध्ये दाबली की वळते; दाबणाऱ्याच्या बोटांना ते कळतही नाही.

उपयोगाच्या गोष्टी तीन. भिंगाखाली पाहा: खरी शिवण देठापासून टोकापर्यंत अखंड जाते, वाकडीतिकडी असते, तिच्या कडा आजूबाजूच्या खडबडीतपणात मिसळलेल्या असतात. कोरलेली रेघ सरळ आणि आतून ओरखडलेली. माळेतले सगळे मणी हुबेहूब एकसारखे असतील तर ते साच्यातले. दुसरं, कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात तासभर ठेवा. चिकटवलेलं बहुतेकदा सुटतं. तिसरी आणि खात्रीची गोष्ट म्हणजे क्ष-किरण. आत कप्पे किती ते मोजा. बाहेर कितीही कोरा, आतला कप्पा कोरता येत नाही.

मावशीचा मणी मी आमच्या ओळखीच्या दंतवैद्यांकडे नेला. दाताचा फोटो काढायचं यंत्र या कामाला उत्तम. मण्याचं भोक किरणांच्या रेषेत येईल असा तो उभा ठेवायचा. त्यांनी काही न विचारता फोटो काढून दिला. काळ्या पडद्यावर मध्यभागाभोवती कप्पे दिसले. एक, दोन, तीन, चार, पाच.

तिला काय सांगायचं, या विचारात मी दोन दिवस काढले. शेवटी फोटोच दाखवला आणि कापलेला माझा मणीही. तिने चष्मा लावून दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिले. मग उठली, वाटीत कढत पाणी घेतलं आणि अकरा हजारांचा तो मणी स्वतःच्या हाताने त्यात सोडला. जेवणं होईपर्यंत लगदा मऊ पडला होता. जुन्या टूथब्रशने घासल्यावर चार शिवणी एकेक करून वर आल्या.

पैसे परत मिळाले नाहीत. दुकानदाराने फोनच उचलला नाही, आणि मावशीला हे सांगताना माझा आवाज चढला. ती मात्र मणी पदराने पुसत होती.

"म्हणजे आतून हा पंचमुखीच आहे ना?" तिने विचारलं.

"हो. अगदी अस्सल. नेपाळचा."

"मग याच्यावर कशाला रागावतोस? याचीच चार तोंडं बुजवली होती कुणीतरी."

मी तिला बारीक मण्यांची साधी पंचमुखी माळ आणून दिली. तिने तिचा दोरा सोडला, मेरूच्या जागी तो मोठा मणी घातला आणि गाठ मारायला माझ्याकडे दिली, तिच्या बोटांना आता गाठ घट्ट बसत नाही म्हणून.